तिऱ्हाईताचा शब्द

आमच्या गावात दोन घरांत वाद झाला की बैठक बसते. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी पसरतात. दोन्हीकडचे लोक समोरासमोर आणि गावातली जाणती माणसं मध्ये. आई आपल्या लेकीच्या बाजूनं बोलली तर तिचं कोणी धरत नाही. ती आईच आहे, दुसरं काय बोलणार? नवऱ्याचा भाऊ, बायकोची मावशी, त्यांचंही तसंच. पण त्या वादात ज्याचं काहीच अडकलेलं नाही असा माणूस काही बोलला असेल, तर त्याच्या शब्दाला वजन असतं. एकदा दोन भावांच्या शेतामधल्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद सायकलवरून भांडी विकणाऱ्या एका परक्या माणसानं मिटवला होता. तो दर वर्षी त्या धुऱ्यावर बसून भाकर खायचा, आणि पडलेलं मोहाचं झाड कोणत्या अंगाला होतं ते त्याला आठवत होतं.

"तिऱ्हाईत खोटं काऊन बोलन?" असं माझे बाबा म्हणायचे.

लहानपणी ही रीत मला फार न्यायाची वाटे. आजही ती पूर्ण चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्या बहिणीचा संसार मात्र या रीतीमुळेच मोडला.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आमचं गाव पोंभुर्ण्याकडच्या जंगलातलं. बाई सातवीनंतर शाळेत गेली नाही, कारण पुढची शाळा लांब होती आणि वाटेत जंगल होतं. मी त्या वयाची झाले तोवर गावात एसटी यायला लागली होती. आम्हा दोघींत एवढाच फरक. मी चंद्रपूरला वसतिगृहात राहून पदवी घेतली, पुढे समाजकार्याचं शिक्षण घेतलं. आमच्या घरात पदवी मिळालेली मी पहिली. ज्या गुरुजींनी वसतिगृहाचा अर्ज स्वतः नेऊन दिला, ज्या वॉर्डनबाई परीक्षेच्या दिवसांत माझ्या ताटात एक पोळी जास्त टाकायच्या, त्यांची मी आजन्म ऋणी आहे. पदवी घेऊन घरी आले तेव्हा बाईनं मला पाटावर बसवलं, बाबांचा कोट घातला आणि प्राचार्यांचं भाषण करून दाखवलं. प्राचार्यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तरी ते हुबेहूब तसेच बोलतात.

नक्कल हा बाईचा हातखंडा होता. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. नाटक संपलं तरी बाईचं नाटक महिनाभर चालायचं. धान मळताना ती खलनायकाचं हसणं हसायची आणि आई ओरडायची, "बस कर माय, बैल बिचकले!"

बाईला आरमोरीकडच्या एका गावात दिलं. घर चांगलं होतं, भाऊजी कष्टाळू होते. मुलगा झाला. तो जरा मोठा झाल्यावर त्याला वरचेवर ताप यायला लागला, बोटं सुजायची, हातपाय दुखतात म्हणून तो रडत बसायचा. बाई आणि तिची सासू त्याला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. भाऊजी आले नाहीत. धानाची रोवणी चालू होती, शेताच्या बांधीत पाणी होतं, ते सोडून येता येत नव्हतं. डॉक्टरांनी मुलाचं आणि बाईचं रक्त तपासायला घेतलं आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेलाही त्या दोघीच गेल्या. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या गावात बैठक बसली. मी सुट्टी काढून आले होते, बायकांत मागे बसले होते. बाईची सासू उभी राहिली.

"मी काई माह्या मनानं नाई म्हणून राह्यली," ती म्हणाली. "डाक्टर म्हणला. आईकडून आला म्हणला. माह्या लेकाच्या घरात असलं काई नाई. ही घेऊन आली."

बाबा म्हणाले, "माही पोरगी त्याच जागी होती. ते म्हणते, डाक्टरनं बापालेही आणा म्हणलं."

"ते तर म्हणनच! तिची जान अडकली हाय त्याच्यात."

मला राहवलं नाही. मी उठले आणि सांगितलं की हा आजार आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही. मधल्या माणसांतले एक म्हातारे माझ्याकडे मायेनंच बघत म्हणाले, "पोरी, तू शिकली, आमाले अभिमान हाय. पण तू बहीण होय. तू बहिणीसारखीच बोलशीन." आणि मग सगळ्यांना म्हणाले, "डाक्टर तिऱ्हाईत हाय. त्याले काय पडलं इकडचं-तिकडचं?"

बाबा त्या डॉक्टरांना शोधायला गेले, तर त्यांची बदली झालेली. कुठे झाली ते खिडकीवरच्या माणसाला माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीत फारकत झाली. बाई मुलाला घेऊन घरी आली. त्यानंतर तिनं कोणाचीही नक्कल केली नाही.

मला नोकरी लागली ती एका रुग्णालयात. रुग्णांना समजावणं, धीर देणं, योजनांची माहिती देणं हे माझं काम. तिथले मोठे सर, म्हणजे मुख्य डॉक्टर, मनानं वेगळे होते. त्यांना वाटायचं की आपल्या डॉक्टरांना औषध कळतं, बोलणं कळत नाही. आणि ते शिकवायचं तर रुग्णांनीच शिकवलं पाहिजे. म्हणून त्यांनी ठरवलं की सुट्टी मिळालेल्या प्रत्येकाला विचारायचं, डॉक्टर तुमच्याशी कसे बोलले. हे विचारण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी आम्ही चित्रं काढली: हसरा चेहरा, सरळ चेहरा, रडका चेहरा. सगळ्यांनी हसऱ्यावर बोट ठेवलं. ज्याला दिवसभर कोणी विचारलं नव्हतं त्यानंही.

"डॉक्टर कसे बोलले, भाऊ?"

"मस्त बोलले."

"काय म्हणाले?"

"ते काई समजलं नाई. पण मस्त बोलले."

एका आजीनं खरं कारण सांगून टाकलं. "आज मी डाक्टरले नाव ठेवलं, आन् उद्या त्यानं मले सुई जोरात टोचली मंग?"

मी निराश झाले होते. मग एका दुपारी, नातेवाईक जिथे चुली मांडतात त्या शेडकडून मोठ्यानं हसू ऐकू आलं. जाऊन पाहते तर तीच आजी उभी. लुगड्याचा पदर गळ्यात दोन्ही बाजूंनी सोडलेला, छाती तपासायच्या नळीसारखा. मान खाली, तळहातावर काडीनं लिहिणं चालू. "हं. कधीपासून? हं. खोकला? हं. पुढचा!" समोरचा खरंच दम्याचा रुग्ण होता, तो हसून हसून खोकायला लागला.

नाटक पाहत वाढलेली ही माणसं. त्यांना मत विचारलं तर ती गप्प राहतात, पण सोंग घ्या म्हटलं तर सगळं खरं सांगतात. हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग तसंच विचारा." तेव्हापासून दर महिन्याला एका दुपारी शेडमध्ये डॉक्टर बाकावर बसू लागले आणि ज्यांना वाटेल ते रुग्ण पुढे येऊन डॉक्टर होऊ लागले. नावं कोणाची घ्यायची नाहीत, एवढाच नियम. लोक त्याला 'डाक्टरचं नाटक' म्हणत. नवीन आलेल्या एक डॉक्टर मॅडम पहिल्याच वेळी दुखावल्या. एका रुग्ण महिलेनं त्यांचं सोंग घेतलं होतं: रुग्ण बोलतोय आणि मॅडम मोबाईलवर बोट फिरवताहेत.

"मी औषधाचं प्रमाण बघत होते!" मॅडम मला नंतर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सर तिथेच होते. "त्यांना सांगितलं होतंत का तसं?"

दुसऱ्या दिवसापासून मॅडम मोबाईल हातात घेतला की म्हणायच्या, "आजी, मी तुमच्या औषधाचं माप बघते हं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की अजून त्यांच्याच आवाजात आठवतं.

पुढे हिवाळ्यात माझ्या भाच्याचं दुखणं वाढलं. पाय, कंबर, छाती. हात लावला तरी किंचाळायचा. बाबा आणि बाई त्याला आमच्याच रुग्णालयात घेऊन आले. सलाईन, दुखण्याचं औषध, सगळं सुरू झालं. दुखणं फार वाढलं की तो "बाबा" म्हणून ओरडायचा. आजोबा उठून जवळ गेले की मान वळवायचा. त्याला ते बाबा नको होते.

तो जरा सावरला त्याच दिवसांत नाटकाची दुपार आली. मी बाईला काही सांगितलं नव्हतं. ती भाच्याचा डबा धुवायला नळावर आली होती, तिथूनच उभी राहून बघत होती. एक-दोघांचं झाल्यावर तिनं हात पुसले आणि पुढे आली.

"मी करू?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीतरी हसायला मिळणार असं त्यांना वाटलं असेल. मलाही क्षणभर जुनी बाई परत आल्यासारखं वाटलं.

ती स्टुलावर बसली. समोर टेबल आहे असं धरून दोन कागद सरकवले, एकावर एक ठेवले. मग मान वर न करता, पुस्तकी मराठीत, थकलेल्या पुरुषाच्या आवाजात म्हणाली, "मुलाला सिकलसेल आहे. आईच्या रक्तातही निघालाय. आईकडून आलाय."

मग ती उठली आणि समोर जाऊन सासू झाली. ऐकता ऐकता तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी सांगू शकणार नाही. तिनं शेजारचं, न दिसणारं एक मनगट, म्हणजे स्वतःचंच, पकडलं आणि ओढत दारापर्यंत नेलं.

तिथून ती परत आली, पुन्हा स्टुलावर बसली. डॉक्टर अजून लिहीतच होते. मान खालीच. समोर आता कोणी नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या रिकाम्या जागेला ते म्हणाले, "आणि वडिलांकडूनही आलाय. त्यांना तपासायला आणा. पुढचा."

दारातून ओढली जाताना हे शेवटचं फक्त बाईनं ऐकलं होतं. बाई उठली, काम आटोपल्यासारखे हात पदराला पुसले आणि बाकावरच्या डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "होते चांगले ते. पोराले बिस्कुट देल्लं होतं."

मोठे सर बाकावरून उठले. मग म्हणाले, "मीही रोज असंच सांगतो. याच क्रमानं." मॅडमनी बाईला विचारलं, "तुमच्या घरच्यांना मग परत कोणी बोलावून सांगितलं नाही?"

"तुमी सांगा ना मॅडम," बाई म्हणाली. "तुमी तिऱ्हाईत. मले तिथी नांदाले नाई जायाचं. पोराले बाप पायजे, बस. आईनं रोग देल्ला, असं त्याच्या बापाच्या घरी बोलून राह्यले, ते बंद व्हाले पायजे."

मॅडमनी भाऊजींना फोन केला. मुलगा दाखल आहे, भेटायला या, मला तुमच्याशी बोलायचंही आहे, एवढंच म्हणाल्या. ते येतो म्हणाले. ते येण्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि सासू व्हायला सांगितलं. त्यांना आधी बोलून बघायचं होतं. बाईलाही बसवून घेतलं. मॅडमनी सुरुवात केली, "सिकलसेल हा रक्तातल्या लाल पेशींचा..."

"नाई मॅडम," बाई मध्येच म्हणाली. "पयले दोघांचं सांगा. बाकीचं मंग. पयलं वाक्य घरी जाते. बाकीचे इथीच राह्यते."

मॅडमनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. बाई त्यांचे शब्द बदलून देत होती. मी सासू होऊन खुर्चीत बसले होते आणि मला वाटत होतं, हे सगळं एकदा, एकाच दुपारी, त्या दवाखान्यात झालं असतं तर.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. सोबत सासूही आली. भाऊजी वाळले होते. मुलाच्या कॉटजवळ उभे राहिले, त्याच्या पायावरून हात फिरवला. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला, पाय दुखतो असं एकदाही म्हणाला नाही.

मॅडमनी दोघांना खुर्च्या दिल्या, आपली खुर्ची ओढून समोर बसल्या. हातात कागद नव्हता. "हा आजार एकाकडून येतच नाही," त्या म्हणाल्या. "आईकडून अर्धा आणि बाबांकडून अर्धा आला, तरच मूल आजारी पडतं. यात दोष कोणाचाच नाही. तुम्हाला तो तुमच्या आईवडिलांकडून नकळत मिळाला, त्यांना त्यांच्या." मग थांबल्या. घाई केली नाही. "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल का, भाऊ? मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू द्या."

भाऊजींनी खाली बघत सांगितलं, "दोघांकडून. माह्यातही हाय."

"पण तो डाक्टर तर..." सासू म्हणाली.

"त्यांचं खोटं नव्हतं, आजी. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधी तुम्ही उठलात, आणि त्यांनी मान वर करून पाहिलं नाही."

सासूनं पदराचं टोक तोंडाला लावलं. दाराशी बाई उभी होती. इतकी वर्षं जे ऐकायला ती थांबली होती, ते एका तिऱ्हाईताच्या तोंडून तिच्या माणसांसमोर बोललं गेलं होतं. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "मॅडम, मंग... घरी दुसरी हाय. उन्हाळ्यात लगन केलं. तिले दिवस गेले हायेत."

मुली बघत आहेत असं आम्ही कधीतरी ऐकलं होतं. लग्न झाल्याचं आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. बाईनं आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला, रागानं नाही, पदर सारखा करायला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तर त्यांचं रक्त लवकर तपासायला हवं. निघालं नाही तर काळजी मिटली. निघालं तर पुढे काय करायचं ते आपण बोलू."

"तिले नका सांगू!" सासू म्हणाली. "नवी हाय. तिच्या मायबापाले कळलं का घेऊन जातीन पोरीले."

"भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"पाहतो," भाऊजी म्हणाले. ते आणतील असं त्या खोलीत कोणालाच वाटलं नाही.

निघताना ते पुन्हा मुलाकडे गेले. "बाबा, तुमी राह्यता?" मुलानं विचारलं. भाऊजी म्हणाले, घरी बैल एकटे आहेत. मुलानं मान हलवली. बैलांचं त्याला पटलं. मग म्हणाला, "पांढऱ्याले सांगजा, मी बरा झालो."

ते गेल्यावर बाई त्याच्याजवळ बसून राहिली. त्यानं भात खाल्ला, मग झोपला. तिनं ताट उचललं आणि मी तिच्यामागे नळावर गेले. मला वाटलं आता ती रडेल, आणि ती रडली तर मी काय बोलायचं ते मला इतकं शिकूनही माहीत नव्हतं. ती ताट घासत राहिली.

"शुक्रवारी त्यांच्याकडे बाजार भरते," ती म्हणाली. "ते पोरगी येईनच बाजाराले. मी जाते."

"तू? बाई, ती तुझं कशाला ऐकेल?"

"काऊन नाई ऐकन? बैठकीत फारकत झाली. मी आता त्या घरची कोणीच नाई." तिनं ताट पालथं केलं, पाणी निथळू दिलं. "आता माहा शब्द चालते."

शुक्रवारी सकाळी मी तिच्यासोबत बसस्टँडवर गेले. मी येते म्हटलं तर नाही म्हणाली. बहीण सोबत असली की शब्द हलका होतो. भाच्याजवळ बाबा बसले होते. गाडीला वेळ होता. बाकावर बसून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. मग माझ्याकडे वळली.

"तू ते पोरगी हो."

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि मान खाली घातली. बाई सरकून माझ्याजवळ बसली. माझी हनुवटी धरून तिनं माझा चेहरा वर केला, आणि मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबली.

"पोरी," ती म्हणाली, "तुहा काई दोष नाई."

पुढचं, दोघांचं, वाक्य तिला पाठ होतं. मॅडमना तिनंच ते शिकवलं होतं. पण तिचा आवाजच निघेना. माझी हनुवटी धरून ती तशीच बसून राहिली, ओठ हलत राहिले. आरमोरीची गाडी लागली. बाईनं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि एकटी चढली. खिडकीतून तिनं हात केला नाही. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती, ते मला बाहेरून दिसत होतं.